वायुदूतचा धडा आणि छोट्या विमानतळांचे भवितव्य

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावरून मुंबईला जाणारे अलायन्स एअरचे विमान ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडले. त्यासाठी कोणता अपघात घडावा लागला नाही किंवा धावपट्टी खचावी लागली नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या समारंभाने सुरू झालेली ही सेवा केंद्राच्या 'उडान' योजनेखाली तीन वर्षांसाठी होती. मुदत संपली, तूट भरून देणारा निधी थांबला आणि विमानही थांबले. ज्या विमानतळासाठी जमिनी गेल्या, दशकानुदशके राजकारण झाले आणि ज्याच्या श्रेयावरून उद्घाटनाच्या दिवशीही चढाओढ दिसली, त्याची राजधानीशी असलेली जोडणी कागदावरच्या एका तारखेवर अवलंबून होती, हे तेव्हा अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

परंतु हा अनुभव नवा नाही. दुर्गम भागाला विमानसेवा द्यावी, ती सामान्यांना परवडणाऱ्या दरात द्यावी आणि काही काळाने ती आपल्या पायावर उभी राहावी, ही अपेक्षा भारताने यापूर्वी एकदा बाळगली होती. त्या प्रयोगाचे नाव होते 'वायुदूत'. या सरकारी कंपनीचा उदय आणि अस्त आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. मात्र गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड या पट्ट्यात छोट्या विमानांचे जे काही चालले आहे, ते नीट समजून घ्यायचे असेल तर वायुदूतपासूनच सुरुवात करावी लागते.

ईशान्येसाठी जन्मलेली कंपनी

वायुदूतची स्थापना जानेवारी १९८१ मध्ये झाली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांचा तो संयुक्त उपक्रम होता. मूळ उद्देश मर्यादित आणि स्पष्ट होता. ईशान्य भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या अनेक धावपट्ट्या होत्या. डाकोटासारखी जुनी विमाने सेवेतून गेल्यानंतर त्या ओस पडू लागल्या, कारण इंडियन एअरलाइन्सचा ओढा मोठ्या जेट विमानांकडे होता आणि ती विमाने या आखूड धावपट्ट्यांवर उतरू शकत नव्हती. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आणि अरुणाचलच्या डोंगरांत नकाशावरचे थोडके अंतर रस्त्याने कापायला एक दिवस, पावसाळ्यात कधी त्याहून अधिक लागे. तेथे विमान ही चैन नव्हती. रुग्ण, शिक्षक, सरकारी कागद आणि टपाल यांच्यासाठी तो भरवशाचा रस्ता होता.

प्रारंभी कंपनीकडे इंडियन एअरलाइन्सकडून आलेली फोकर आणि एव्ह्रो ही जुनी विमाने होती. पुढे जर्मन आराखड्याची १९ आसनी डॉर्नियर २२८ विमाने आली. त्यांचे उत्पादन परवान्याखाली हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर येथील कारखान्यात सुरू झाले. देशात बनलेले विमान, देशातील दुर्गम भागासाठी, सरकारी कंपनीच्या हाती, असा हा योग होता. आखूड आणि कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकणाऱ्या या विमानामुळे नकाशावरील अनेक लहान गावांना प्रथमच विमानाचा आवाज ऐकू आला. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावरची धावपट्टी १९८८ मध्ये सुरू झाली, तीही डॉर्नियरच्याच मापाची होती.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. मात्र याच काळात वायुदूतचा मूळ उद्देश हळूहळू बदलत गेला. ईशान्येसाठी काढलेली कंपनी पाहता पाहता देशभर पसरली आणि तिच्या नकाशावरील ठिकाणांची संख्या शंभराच्या घरात गेली. प्रत्येक खासदाराला आपल्या जिल्ह्यात विमान हवे होते आणि नाही म्हणण्याचा अधिकार कंपनीच्या व्यवस्थापनाकडे खऱ्या अर्थाने नव्हता. ज्या गावाला पोहोचण्याचा दुसरा मार्गच नव्हता, ते गाव आणि जेथून रात्रीच्या रेल्वेने सकाळी मोठ्या शहरात उतरता येत होते, ते गाव, यांत कोणताही भेद उरला नाही. दोघांसाठी तेच विमान, तेच वैमानिक आणि तीच रिकामी तिजोरी.

अस्ताची कारणे

छोट्या विमानाचे अर्थकारण मुळातच कठीण असते. १९ आसनी विमानालाही दोन वैमानिक लागतात. त्याचीही नियमित तपासणी व्हावी लागते, त्याच्यासाठीही विमानतळावर अग्निशमन बंब आणि हवामानाची माहिती लागते. हा सारा खर्च १५० आसनांवर विभागला तर तिकिटामागे थोडा येतो, १९ आसनांवर विभागला तर डोईजड होतो. त्यातही दोन आसने रिकामी राहिली तर मोठ्या विमानाला फरक पडत नाही, परंतु छोट्या विमानाचा त्या फेरीचा हिशेबच कोलमडतो. म्हणून जगभर अशा सेवांना कोणीतरी बाहेरून आधार द्यावा लागतो. अमेरिकेने १९७८ मध्ये विमान व्यवसाय खुला केला तेव्हा लहान गावांची सेवा तुटू नये यासाठी वेगळी अनुदान योजना केली आणि ती आजही चालू आहे. नॉर्वेत उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या छोट्या धावपट्ट्यांची सेवा सरकार ठरावीक मुदतीच्या निविदा काढून विकत घेते आणि मुदत संपली की पुन्हा निविदा काढते. दोन्हीकडे सेवा कायमची धरलेली आहे, बदलतो तो ती पुरवणारा.

वायुदूतपुढे हा प्रश्न सरळपणे कधी मांडला गेला नाही. ईशान्येतील उड्डाणांना सरकारी साहाय्य होते, पण देशभर वाढवलेल्या जाळ्यामागे तितकी निश्चित तरतूद नव्हती. तोटा झाला की तो दोन पालक कंपन्यांकडे पाहत असे. त्या कंपन्यांना स्वतःचीच चिंता होती. फेब्रुवारी १९९० मध्ये बेंगळुरू येथे इंडियन एअरलाइन्सचे एअरबस विमान कोसळल्यानंतर त्या जातीची तिची सर्व विमाने काही महिने जमिनीवर उभी होती. त्याच वर्षी आखाती संकटाने इंधन महागले आणि १९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली. अशा वेळी सुटे भाग परदेशातून मागवावे लागणाऱ्या छोट्या कंपनीकडे कोण लक्ष देणार होते?

अपघातांनी विश्वासालाही तडा गेला. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी सिलचरहून गुवाहाटीकडे येणारे वायुदूतचे फोकर विमान खराब हवामानात कोसळले आणि त्यातील सर्व ३४ जण मृत्युमुखी पडले. त्याच सकाळी अहमदाबादेत इंडियन एअरलाइन्सचे बोइंग कोसळल्याने ईशान्येतील दुर्घटना बातम्यांत मागे ढकलली गेली. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९८९ मध्ये, वायुदूतचे एक डॉर्नियर पुणे जिल्ह्यात उजनीच्या जलाशयात कोसळून ११ जणांचा बळी गेला. विमान वाहतुकीत सुरक्षितता ही अखेर पैशाची आणि शिस्तीची बाब असते. ज्या कंपनीला पुढील महिन्याची शाश्वती नाही, तिच्याकडून दोन्हींची अपेक्षा धरणे अवघड होते.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. काही वर्षे तिचा कारभार तेथील एका विभागाच्या रूपाने रेंगाळला आणि १९९७ पर्यंत तोही संपला. देशातील विमान व्यवसाय याच सुमारास खासगी कंपन्यांना खुला झाला होता. नव्या कंपन्या अर्थातच मुंबई, दिल्ली, बेंगळुरू अशा नफ्याच्या मार्गांवर उतरल्या. त्यामुळे मोठ्या मार्गावर कमवायचे आणि छोट्या मार्गावर खर्चायचे, हा सरकारी कंपन्यांचा जुना रिवाज आतून पोकळ झाला. त्यावर उतारा म्हणून सरकारने मार्च १९९४ मध्ये नियम केला. नफ्याच्या मार्गांवर जितकी आसनक्षमता वापराल, तिच्या किमान १० टक्के क्षमता ईशान्य, जम्मू-काश्मीर, अंदमान व लक्षद्वीप या भागांत वापरलीच पाहिजे, असा त्याचा आशय. त्याचा परिणाम झाला, पण तो गुवाहाटी, श्रीनगर, पोर्ट ब्लेअर यांसारख्या मोठ्या ठिकाणांपुरता. जेट विमान जेथे उतरू शकते तेथेच कंपन्यांनी आपला वाटा पूर्ण केला. कैलाशहर, कूचबिहार, रूपसी यांसारख्या धावपट्ट्यांवर गवत वाढत राहिले.

उडान: नवे नाव, जुना पेच

या पार्श्वभूमीवर २०१६ मध्ये आखलेली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्ली उड्डाणाने सुरू झालेली 'उडान' योजना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य करावे लागते. वायुदूतमधील मोठी उणीव तिने ओळखली. तोटा कोण भरणार, हे आधीच ठरवले. मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून निधी उभा केला. बहुतेक राज्यांवर तुटीच्या २० टक्क्यांचा भार टाकला, इंधनावरील कर एक टक्क्यावर आणण्यास त्यांना राजी केले. सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपयांच्या आसपास कमाल दर ठरवून ठरावीक आसने त्या दराने विकणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आणि कोणता मार्ग चालवायचा, हे मंत्र्याने न सांगता कंपन्यांनीच निविदा भरून ठरवावे, अशी मुभा दिली.

मात्र योजनेच्या पायाशी एक गृहीतक होते. तीन वर्षे आधार दिला की मार्ग स्वतःच्या बळावर चालू लागेल, हे ते गृहीतक. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालाने त्याची पुरती तपासणी केली. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते फक्त ५४. म्हणजे शंभर मार्ग वाटले, तर त्यांतील सात टिकले.

या आकड्यांमागे मराठी वाचकाच्या परिचयाची अनेक नावे आहेत. एअर डेक्कनने २०१७ च्या अखेरीस १८–१९ आसनी विमानांनी नाशिक, जळगाव, पुढे कोल्हापूर हे मार्ग घेतले. उड्डाणे वारंवार रद्द होत राहिली आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीने काम थांबवले. हैदराबादच्या ट्रूजेटने अधिक धीर दाखवला. २०१७ मध्ये योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड–हैदराबाद उड्डाणाला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने हिरवा झेंडा दाखवला, ते विमान ट्रूजेटचे होते. कोल्हापूर, जळगाव, बेळगाव ही गावेही तिच्या नकाशावर होती. हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठवाड्यातील कुटुंबांना आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या भाविकांना या सेवेचा मोठा आधार होता. करोनाच्या टाळेबंदीने तिचे कंबरडे मोडले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटचे शेवटचे विमान उतरले.

बेळगावचा अनुभव आणखी वेगळा धडा देतो. योजनेच्या आरंभीच्या फेऱ्यांत शेजारच्या हुबळीला स्थान मिळाले, बेळगावला नाही. परिणामी २०१८ मध्ये बेळगावात स्वतःच्या बळावर चाललेली उड्डाणे अनुदानाच्या मागे हुबळीला निघून गेली. पुढे तिसऱ्या फेरीत बेळगावचा समावेश झाला आणि घोडावत समूहाच्या स्टार एअरसह अनेक कंपन्यांनी तेथून सेवा सुरू केली. मुदती संपू लागल्या तशी त्यांतील काही पुन्हा आटली. दुर्गमतेसाठी दिलेले साहाय्य एका गावाची सेवा काढून दुसऱ्याला देऊ लागले, तर योजनेचा हेतू साधतो की फिरतो, हा प्रश्न सीमाभागाने स्वतः अनुभवला आहे.

गोव्याचा संबंध

गोवा स्वतः दुर्गम नाही. दाबोळी आणि मोपा अशी दोन विमानतळे असलेल्या या राज्याला अनुदानित विमानाची गरज नाही. तरीही हा विषय गोव्याच्या दाराशी आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाला आणि चिपीचे गणित बदलले. सावंतवाडी, बांद्याच्या प्रवाशाला मोपा अधिक सोयीचा, तेथून उड्डाणे अधिक आणि स्पर्धेमुळे दरही अनेकदा कमी. चिपीच्या सेवेला तीन वर्षांत पायावर उभे राहायचे होते आणि त्या तीन वर्षांच्या मध्यावरच शेजारी मोठा विमानतळ उभा राहिला. केवळ अनुदानाची मुदत वाढवून हा पेच सुटणार नाही. उलट मालवण, देवगड, कणकवलीच्या प्रवाशासाठी चिपी नेमके काय करू शकतो, याचा नव्याने विचार करावा लागेल.

दुसरीकडे, मार्च २०२४ पासून मोपाला मुख्य तळ करून फ्लाय ९१ ही छोट्या मार्गांची कंपनी उडू लागली आहे. तिची टर्बोप्रॉप जातीची एटीआर विमाने सिंधुदुर्ग, जळगाव, अगत्ती अशा ठिकाणांना जोडतात. जून २०२५ मध्ये तिने गोवा–सोलापूर सेवाही सुरू केली. सोलापूरच्या विमानतळासाठी तेथील साखर कारखान्याची उंच चिमणी २०२३ मध्ये पाडावी लागली होती आणि त्यावरून शहर दुभंगले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या सेवेवर किती आशा लागलेल्या आहेत ते कळते. वायुदूतपेक्षा या कंपनीची स्थिती एका बाबतीत बरी आहे. मार्ग निवडण्याचे स्वातंत्र्य तिला आहे आणि गोव्यासारख्या मागणी असलेल्या ठिकाणी तिचा तळ आहे. परंतु इंधनाचे चढते दर, विमानांचे परकीय चलनातील भाडे आणि प्रशिक्षित वैमानिकांना मोठ्या कंपन्यांचे आकर्षण, या तिन्ही अडचणी वायुदूतच्या काळाइतक्याच ताज्या आहेत.

सेवा की व्यवसाय?

केंद्राने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित उडान योजना जाहीर केली. पुढील १० वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचे आणि चार कोटी प्रवाशांना वाहून नेण्याचे उद्दिष्ट तिच्यात आहे. त्याच भाषणात आजवर ६१९ मार्ग कार्यान्वित झाल्याचे सांगण्यात आले. हा आकडा सुरू झालेल्या मार्गांचा आहे, चालू राहिलेल्यांचा नव्हे. विमानतळाची फीत कापली जाते त्या दिवशी सर्व जण हजर असतात. शेवटचे विमान निघून जाते त्या दिवशी कोणी नसते, आणि हिशेब मात्र पहिल्याच दिवसाचा मांडला जातो.

वायुदूतच्या अनुभवातून निघणारा पहिला निष्कर्ष असा की, सर्व लहान गावे सारखी दुर्गम नसतात. अगत्ती किंवा पासीघाट यांना पर्याय जवळजवळ नाही. नाशिक, कोल्हापूर, बेळगाव यांना रेल्वे आहे, महामार्ग आहे. पहिल्या प्रकारच्या ठिकाणी विमान ही सार्वजनिक सेवा आहे आणि तिच्याकडून नफ्याची अपेक्षाच गैर आहे. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी तो व्यवसाय आहे. त्याला आरंभीचा आधार द्यावा, पण नंतर तो बाजारावर सोडावा. दोघांना एकाच तीन वर्षांच्या मापाने मोजले की पहिल्याची सेवा अकारण तुटते आणि दुसऱ्यावर अकारण खर्च होतो.

हे तत्त्व गोवेकरांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. दिवाडी बेटाकडे जाणारी फेरीबोट पायी प्रवाशांकडून पैसे घेत नाही. नदी परिवहन खात्याची ती सेवा तीन वर्षांत नफ्यात आली नाही तर बंद करावी, असे कोणी म्हणत नाही. बेटावर राहणाऱ्या माणसाचा रस्ता तोच आहे, हे सर्वांनी मान्य केलेले आहे. अगत्तीच्या रहिवाशाच्या बाबतीत मांडवीच्या जागी अरबी समुद्र आणि फेरीबोटीच्या जागी विमान ठेवले, एवढाच फरक.

दुसरा निष्कर्ष पैशाच्या स्वरूपाचा. वायुदूतला तोटा सोसण्यास सांगितले गेले, पण तो कोणत्या मार्गावर, किती आणि कोणाच्या खात्यात, हे स्पष्ट झाले नाही. उडानने ते स्पष्ट केले, मात्र काळाची मर्यादा फार आखूड ठेवली. विमान भाड्याने घेणारी कंपनी अनेक वर्षांचा करार करते. तिला उत्पन्नाची हमी तीनच वर्षांची असेल, तर चौथ्या वर्षी ती विमान दुसरीकडे वळवणारच. आवश्यक मार्गांसाठी अधिक मुदतीचे करार, मुदत संपण्याच्या बरेच आधी नवी निविदा आणि उड्डाणे रद्द झाल्यास दंड, अशी रचना केली तर कंपनी बदलली तरी सेवा खंडित होणार नाही.

तिसरा निष्कर्ष राज्यांसाठी आहे. विमानतळ बांधणे हे राज्यांनी आपले काम मानले आणि विमान आणणे हे केंद्राचे. चिपीच्या बाबतीत ही विभागणी महागात पडली. ज्या जिल्ह्याला राजधानीशी जोडणे राज्याला अगत्याचे वाटते, त्याच्या सेवेचा खर्च केंद्राची मुदत संपताच राज्याने उचलावा, किंवा तो आपल्याला झेपत नाही असे स्पष्ट सांगावे. लोकांना उत्तर मिळाले तर ते पर्यायाची तजवीज करतात. अनिश्चिततेत मात्र हॉटेलचा मालक, आंब्याचा व्यापारी आणि मुंबईला उपचारासाठी जाणारा रुग्ण असे सगळेच अडकून पडतात.

एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने दिब्रुगडहून अरुणाचलमधील पासीघाटला डॉर्नियर विमानाची सेवा सुरू केली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले देशी विमान प्रवासी सेवेत आल्याचा त्या वेळी बराच गाजावाजा झाला. कानपूरच्या कारखान्यातून निघालेली त्याच जातीची विमाने घेऊन वायुदूत तीन दशकांहून अधिक काळापूर्वी त्याच आकाशात फिरत होती, याचा उल्लेख क्वचितच झाला. एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यानंतरही अलायन्स एअर सरकारकडेच राहिली आहे. म्हणजे सरकारी कंपनी, डॉर्नियर विमान आणि अरुणाचलची धावपट्टी, असे सारे पुन्हा एकदा जुळून आले आहे. आता ते किती वर्षे चालवायचे, हे सरकारने पहिल्या विमानासोबतच पासीघाटच्या लोकांना सांगायला हवे होते. सुधारित योजनेतील १२० ठिकाणांना तरी ते आधी सांगितले जावे.